क्वीन्स बुलेव्हार्ड: रस्ता ओलांडायचा पैसा कुठल्या खात्यातून आला आणि त्यामुळे काय झालं

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्वीन्स बुलेव्हार्ड नावाचा साधारण १२ किलोमीटरचा रस्ता आहे, क्वीन्सबरो पुलापाशी सुरू होतो आणि जमैकापर्यंत जातो. काही ठिकाणी १२ लेन, रुंदी ६० मीटरच्या आसपास, कुठे त्याहून जास्तच. १९९० च्या दशकात तिथल्या पेपरांनी त्याला ‘मृत्यूचा बुलेव्हार्ड’ असं नाव पाडलं आणि ते चिकटलं, कारण आकडेच तसे होते, १९९३ ते २००० या काळात ७२ पादचारी तिथे रस्ता ओलांडताना गेले, त्यातले १८ एकट्या १९९७ सालात. २०१५ ला शहराने नवीन प्लॅन मांडला तेव्हा १९९० पासूनचा एकूण आकडा १८६ होता आणि त्यात १३८ पायी चालणारे होते.

हे प्रकरण घ्यायचं कारण असं की पादचारी सुरक्षेची चर्चा जवळजवळ नेहमी डिझाइनवर होते, झेब्रा कसा असावा, सिग्नल किती सेकंदाचा, दुभाजक किती रुंद. ते सगळं बरोबरच आहे, पण डिझाइन ठरल्यावर पैसा कुठल्या खात्यातून येणार आणि काम कुठल्या प्रकारच्या कॉन्ट्रॅक्टवर होणार याकडे कोणी बघत नाही, आणि रस्त्यावर प्रत्यक्षात काय उतरतं, कधी उतरतं, किती वर्ष टिकतं हे सगळं तिथेच ठरतं. क्वीन्स बुलेव्हार्डवर ते अगदी स्वच्छ दिसतं.

रस्ता कसा होता

आधी ओलांडायचा म्हणजे काय करायचं ते बघू. फुटपाथवरून उतरलं की आधी सर्व्हिस रोड, मग बाजूचा दुभाजक, मग मुख्य रस्त्याच्या एका दिशेच्या लेन, मग दुसऱ्या दिशेच्या, परत बाजूचा दुभाजक, परत सर्व्हिस रोड. ६० मीटर अंतर. सिग्नलचं गणित करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं पूर्वी धरायचे, त्या हिशोबाने ५० सेकंद लागतात. नंतर अमेरिकेच्या नियमावलीत तो वेग १.०७ मीटर केला, म्हणजे ५६ सेकंद. आणि काठी घेऊन चालणारी आजी सेकंदाला ०.९ मीटर चालत असेल तर तिला ६७ सेकंद हवेत. रेगो पार्क, फॉरेस्ट हिल्स या भागात म्हातारी माणसं भरपूर राहतात आणि मेलेल्यांमध्येही वयस्कर लोक जास्त होते, त्यामुळे हे दहा-पंधरा सेकंद कागदावरचे नाहीत.

त्यात भर म्हणजे स्लिप लेन. मुख्य रस्त्यावरून सर्व्हिस रोडवर जायला आणि परत यायला बाजूच्या दुभाजकात तिरक्या फटी होत्या, गाडीवाला मुख्य रस्त्याच्या वेगातच त्यातून सर्व्हिस रोडवर घुसायचा. दुभाजकावर पोचलेला माणूस समजायचा की आता आपण सुरक्षित आहोत, आणि गाडी नेमकी तिथेच यायची. वेगाचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या ट्रिपल ए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार गाडीची धडक ताशी ३७ किलोमीटरला बसली तर पादचारी मरायची शक्यता सरासरी १० टक्के, ५१ ला २५ टक्के, ६८ ला ५० टक्के. या रस्त्यावर वेगमर्यादाच आधी ताशी ३५ मैल होती म्हणजे ५६ किलोमीटर, आणि रस्ता इतका रुंद आणि सरळ की प्रत्यक्षात लोक त्याहून जोरात जायचे.

२००० नंतरच्या काही वर्षांत शहराने हातपाय हलवले, वेगमर्यादा ३० मैलांवर आणली, दुभाजकांवर कुंपणं घातली म्हणजे लोक मधूनच ओलांडणार नाहीत, ओलांडायचा वेळ वाढवला, काउंटडाउन सिग्नल लावले, ‘इथे ओलांडताना एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला’ अशा पाट्या लावल्या. मृत्यू बरेच कमी झाले हे मान्य करायलाच हवं. पण माझं स्पष्ट मत आहे की यातला बराचसा भाग पादचाऱ्याला आवरायचा होता, गाडीला आवरायचा नव्हता. कुंपण घालून माणसाला लांबच्या झेब्र्याकडे ढकललं, रस्त्याचा आकार आणि स्लिप लेन होत्या तशाच राहिल्या, आणि मृत्यू पूर्ण थांबले नाहीत.

२०१५: घोषणा आणि दोन वेगळे खिसे

२०१४ ला महापौर बिल द ब्लासिओ यांनी व्हिजन झीरो आणलं, म्हणजे रस्त्यावर एकही मृत्यू चालवून घ्यायचा नाही ही भूमिका, मूळची स्वीडनची, तिथल्या संसदेने १९९७ मध्येच स्वीकारलेली. त्याच वर्षी राज्याकडून परवानगी मिळवून शहराची सर्वसाधारण वेगमर्यादा २५ मैल झाली, क्वीन्स बुलेव्हार्डही २५ वर आला. (राज्याची परवानगी लागली हे लक्षात ठेवा. शहराच्या रस्त्यावर वेग किती हे ठरवायला तेव्हा शहराला वर जावं लागायचं, आणि स्पीड कॅमेऱ्यांचंही तसंच.)

जानेवारी २०१५ मध्ये ‘ग्रेट स्ट्रीट्स’ नावाने २५ कोटी डॉलर्स जाहीर झाले, चार मोठ्या रस्त्यांसाठी: क्वीन्स बुलेव्हार्ड, अटलांटिक अव्हेन्यू, फोर्थ अव्हेन्यू आणि ग्रँड कॉनकोर्स. त्यातले १० कोटी एकट्या क्वीन्स बुलेव्हार्डला. बातमी हीच झाली, १० कोटी. आणि लोकांना वाटलं की त्या वर्षी जे काम दिसलं ते या १० कोटींतून झालं. तसं नाहीये.

न्यूयॉर्क शहराचे दोन वेगळे खिसे आहेत. एक चालू खर्चाचं बजेट, पगार, दुरुस्ती, रंगकाम, दरवर्षी जुलै ते जून. दुसरं भांडवली बजेट, जे शहर रोखे काढून उभं करतं. रोख्यांचं कर्ज वर्षानुवर्षं फेडायचं असतं, त्यामुळे त्यातून काय घ्यायचं याला नियम आहे, शहराच्या कॉम्प्ट्रोलरच्या, म्हणजे हिशेबावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, निर्देशाप्रमाणे वस्तू किमान पाच वर्षं टिकणारी हवी आणि ठराविक किमतीच्या वरची हवी. हे रास्तच आहे, तीन वर्षांत पुसून जाणाऱ्या रंगासाठी वीस-तीस वर्षांचं कर्ज कोण काढणार. पण याचा परिणाम असा की झेब्र्याचे पट्टे, प्लास्टिकचे खांब, सिग्नलच्या वेळा बदलणं हे सगळं चालू खर्चात जातं, आणि काँक्रीटचा दुभाजक, उंच केलेला पादचारी मार्ग, नवीन दिवे, झाडं हे भांडवलीत जातं.

म्हणून जे १० कोटी जाहीर झाले ते काँक्रीटसाठी होते. आणि २०१५ च्या उन्हाळ्यात जे खरंच रस्त्यावर दिसलं ते चालू खर्चातून, वाहतूक खात्याचे स्वतःचे कामगार आणि आधीपासून चालू असलेली रंगकामाची कॉन्ट्रॅक्ट वापरून झालं.

उन्हाळ्यातलं काम

जानेवारीत वुडसाइडला लोकांना बोलावून कार्यशाळा घेतली, नकाशे टेबलावर पसरून कुठे भीती वाटते ते विचारलं, मार्चमध्ये प्लॅन आला आणि उन्हाळ्यात पहिल्या टप्प्याचं काम सुरू झालं, रूझवेल्ट अव्हेन्यू ते ७३ वा रस्ता, साधारण दोन किलोमीटर. सरकारी कामाच्या मानाने हा वेग फारच चांगला आहे, आणि तो शक्य झाला कारण नवीन टेंडर काढावंच लागलं नाही.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. रंगकामाचं कॉन्ट्रॅक्ट एखाद्या रस्त्यासाठी नसतं, ते दर ठरवून ठेवतं, इतक्या इंचाची पांढरी रेघ एक फूट ओढायला इतके, एक बाण काढायला इतके, झेब्र्याचा पट्टा चौरस फुटाला इतका. अंदाजे परिमाण लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात जितकं काम सांगाल तितके पैसे. म्हणजे डिझाइन ठरलं की वर्क ऑर्डर काढायची आणि ठेकेदार येतो. प्रत्येक चौकाला वेगळं टेंडर काढणारी जी शहरं आहेत त्यांनी हा एकच धडा घेतला तरी वर्षं वाचतील. ज्या वस्तू सगळीकडे त्याच लागतात, थर्मोप्लास्टिक, खांब, पाट्या, पादचारी सिग्नलचे डबे, त्यांचं दरपत्रकावरचं कॉन्ट्रॅक्ट आधीच हातात असायला हवं.

अर्थात रंगाचीही स्वतःची शिस्त असते. थर्मोप्लास्टिक हा साधा रंग नाही, तो घन माल साधारण २०० अंश सेल्सिअसला वितळवून डांबरावर ओततात आणि ओला असतानाच वर बारीक काचेचे मणी सोडतात, ते मणी रात्री हेडलाइटचा उजेड परत फेकतात. डांबर कोरडं लागतं, गारठा असेल तर माल धरत नाही आणि नंतर पापुद्रे निघतात. म्हणून न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी हे काम वसंत ते शरद एवढ्याच काळात होतं. मंजुरी दोन महिने लांबली तर काम दोन महिने लांबत नाही, सरळ पुढच्या वर्षात जातं. फायलीवर सही करायला उशीर करणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं, किंवा असलं तरी त्याची जबाबदारी कोणी त्याच्यावर टाकत नाही.

केलं काय तर, सर्व्हिस रोडची एक लेन काढून दुभाजकाला लागून सायकल मार्ग आणि त्याच्याजवळ चालायची पट्टी, स्लिप लेन काही बंद, काहींना थांबा आणि वळण जवळजवळ काटकोनात, म्हणजे गाडीला वेग कमी केल्याशिवाय घुसताच येणार नाही, ओलांडायच्या जागी दुभाजकाचं टोक रंग आणि खांबांनी वाढवलेलं, सिग्नलच्या वेळा बदललेल्या. पुढच्या वर्षी दुसरा टप्पा एलियट अव्हेन्यूपर्यंत, २०१७ ला तिसरा यलोस्टोन बुलेव्हार्डपर्यंत. आणि २०१५ ते २०१७ या वर्षांत त्या रस्त्यावर एकही पादचारी किंवा सायकलस्वार मेला नाही. जिथे एका वर्षात १८ जण मेले होते त्या रस्त्यावर. मला हा आकडा लिहितानाही बरं वाटतं, कारण हे कुठल्या अवाढव्य पुलाने किंवा भुयाराने झालेलं नाही, रस्त्याचा आकार बदलल्याने झालंय आणि तेही बहुतेक रंगाने. पुढच्या काळात मृत्यू परत झाले, रस्ता अजून निर्दोष नाही.

दुसऱ्या टप्प्याच्या वेळी २०१६ मध्ये तिथल्या कम्युनिटी बोर्डाने, म्हणजे त्या भागातल्या रहिवाशांच्या मंडळाने, गंभीर घोळ केला, प्लॅनला हो म्हटलं पण सायकल मार्ग वगळून. बोर्डाचं मत सल्ल्यापुरतं असतं, बंधनकारक नसतं, महापौरांनी खात्याला तसंच पुढे जायला सांगितलं. चौथ्या टप्प्याला मात्र, यलोस्टोन ते युनियन टर्नपाइक, स्थानिक विरोधामुळे ब्रेक लागला, पार्किंग जाईल, दुकानांचा धंदा बसेल वगैरे. २०१८ ला व्हायचं ते काम २०२४ ला झालं. पैसा होता, कॉन्ट्रॅक्ट होतं, डिझाइनही होतं, नव्हती ती मर्जी. सहा वर्षं.

काँक्रीट का अडकतं

आता ते १० कोटी. भांडवली काम वाहतूक खातं स्वतः करत नाही, ते डिझाइन आणि बांधकाम खात्याकडे जातं, ज्याला तिथे डीडीसी म्हणतात. क्रम असा की आधी प्रकल्पाची व्याप्ती ठरवायची, मग महापौरांच्या बजेट ऑफिसकडून पुढे जायचं प्रमाणपत्र, मग सल्लागार नेमून पूर्ण डिझाइन, मग टेंडर, मग सगळ्यात कमी बोलीच्या जबाबदार ठेकेदाराला काम (राज्याच्या कायद्यानेच तसं बांधलेलं आहे), मग कॉन्ट्रॅक्ट कॉम्प्ट्रोलरकडे नोंदणीला, त्यांच्याकडे ३० दिवस, नोंदणी होईपर्यंत कॉन्ट्रॅक्ट लागूच नाही. प्रत्येक पायरीला कारण आहे, भ्रष्टाचार होऊ नये म्हणूनच ह्या आल्या, मी त्या काढून टाका असं म्हणणार नाही. पण सगळ्या एकापाठोपाठ एक आहेत, एकाच वेळी चालत नाहीत, आणि तिथे वेळ जातो.

आणि खरी अडचण जमिनीखाली आहे. समजा फुटपाथचा कोपरा दीड मीटर पुढे आणायचा म्हणजे ओलांडायचं अंतर तेवढं कमी होईल. रंगाने केलं तर एक रात्र. काँक्रीटने केलं तर कर्ब म्हणजे फुटपाथची कड पुढे आली, कर्ब पुढे आला की पाणी वाहायची कड सरकली, कड सरकली की पावसाच्या पाण्याची जाळी चुकीच्या जागी राहिली, ती हलवायची तर खाली गटाराला जोडणारा पाइप नवीन टाकायचा, तो पाइप शहराच्या पाणी खात्याचा, ते म्हणणार रस्ता उघडताच आहात तर जुनी जलवाहिनीपण बदलून घ्या, मग ती व्याप्ती यात आली, शेजारी गॅस आणि विजेच्या खाजगी कंपन्यांच्या लाइनी, त्या कोणी हलवायच्या आणि खर्च कोणाचा. त्यात क्वीन्स बुलेव्हार्डच्या बऱ्याच भागात खालून भुयारी रेल्वे जाते आणि सनीसाइडला डोक्यावरून उन्नत मार्ग जातो, म्हणजे रेल्वेवाल्यांची परवानगी वेगळी, आणि ती संस्था राज्याची. दीड मीटर कोपऱ्यासाठी हे सगळं. म्हणून जाहीर झालेली वेळापत्रकं पुढे पुढे सरकत गेली आणि रंगाचा तात्पुरता उपाय वर्षानुवर्षं तसाच राहिला.

जलवाहिनी त्याच वेळी बदलणं शहाणपणाचं आहे यात शंका नाही, न्यूयॉर्कमध्ये नवीन केलेला रस्ता पाच वर्षं खोदू नये असा नियमही आहे. पण एक गोष्ट मला खटकते, की पादचारी सुरक्षा म्हणून जाहीर झालेला पैसा आणि पाइपांचा पैसा एकाच कॉन्ट्रॅक्टमध्ये मिसळला की बाहेरच्या माणसाला कळत नाही सुरक्षेवर किती गेला. बिलाच्या ओळी वेगळ्या असतात, त्या लोकांसमोर वेगळ्या मांडायला काहीच हरकत नाही.

डीडीसीला डिसेंबर २०१९ मध्ये राज्याकडून डिझाइन-बिल्डची परवानगी मिळाली, म्हणजे डिझाइन करणारा आणि बांधणारा एकाच कॉन्ट्रॅक्टमध्ये, आणि निवड फक्त कमी बोलीवर करावी लागत नाही. २०१५ ला हे हत्यार हातात नव्हतं. रस्त्याच्या कामाला ते प्रत्येक वेळी योग्य आहे असं मला वाटत नाही, खाली काय निघेल याची खात्री नसताना ठेकेदार ती जोखीम किमतीत चढवतोच. पण मोठ्या आणि एकसंध भागासाठी वेळ नक्की वाचतो.

केंद्राचा पैसा घ्यावा का

इथे थोडं थांबतो कारण बरेच लोक म्हणतात केंद्राकडे पैसा आहे तर शहर का नाही घेत. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून ‘सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑल’ नावाची योजना आली, २०२२ ते २०२६ पाच वर्षांत ५ अब्ज डॉलर्स, केंद्र ८० टक्के देणार, २० टक्के स्थानिक हिस्सा. त्याच कायद्यात एक फार चांगली तरतूद आहे, ज्या राज्यात रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंपैकी १५ टक्के किंवा जास्त पादचारी, सायकलस्वार वगैरे असतील त्या राज्याने रस्ता सुरक्षेच्या केंद्रीय निधीतला किमान १५ टक्के त्यांच्यासाठीच खर्च करायचा. मरणाऱ्यांच्या प्रमाणात पैसा जावा ही साधी गोष्ट कायद्यात यायला २०२१ उजाडलं.

पण केंद्राच्या पैशाबरोबर अटी येतात, अमेरिकन पोलाद, केंद्राने ठरवलेली मजुरी, पर्यावरणाची तपासणी, आधी खर्च करून नंतर परतफेड मागायची पद्धत. कोट्यवधींच्या कामाला हे परवडतं. एका चौकातल्या दुभाजकाला नाही, तिथे कागदांचा खर्च कामाच्या बरोबरीला येतो. साधारण कल्पना यावी म्हणून, अमेरिकेतल्या २०१३ च्या एका खर्च संकलनात सरासरी अशी होती: ठळक झेब्रा सुमारे २,५४० डॉलर्स, मधलं थांबायचं बेट १३,५२०, बटण दाबल्यावर चमकणारे पिवळे दिवे २२,२५०, पादचाऱ्यासाठी गाड्यांना लाल दिव्याने थांबवणारा बीकन ५७,६८०. जुने आकडे आहेत, आज सगळंच वर गेलंय, पण एकमेकांच्या तुलनेत चित्र कळतं. आणि केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या यादीत बेटाने पादचाऱ्यांचे अपघात ५६ टक्के कमी होतात असं दिलंय, बीकनने ५५ टक्के. बेट बीकनच्या पाव किमतीचं. दोन्हींची जागा वेगळी असते, पण ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने आधी बेटं मोजावीत.

अजून एक बाब जी टेंडर काढताना विसरली जाते: अमेरिकेत रस्त्याचा डांबराचा थर नवीन केला तर अपंग हक्क कायद्याखाली कोपऱ्यावरचे उतारही त्याच वेळी करावे लागतात, २०१३ ला केंद्राने हे स्पष्ट केलं. नुसते पट्टे मारले तर ही अट लागू होत नाही. त्यामुळे खर्च वाचवायचा म्हणून डांबर न करता फक्त पट्टे मारायचा मोह होतो, आणि व्हीलचेअरवाला मात्र नवीन चकचकीत झेब्र्याच्या टोकाला कर्बपाशी अडकतो. हे चालवून घेता कामा नये, कायद्याने बांधलं नसलं तरी उताराची ओळ अंदाजपत्रकात आधीच असली पाहिजे.

मी हे प्रकरण हाताळत असतो तर

रंग आधी हा निर्णय मी तसाच ठेवला असता, त्यात दुमत नाही. १० कोटींच्या काँक्रीटची वाट बघत बसले असते तर त्या तीन वर्षांत माणसं मेली असती. तरतूद झाल्या झाल्या जे हातात आहे त्याने आकार बदलायचा, मोजायचं, जिथे चुकलं तिथे पट्टे खरवडून परत मारायचे, रंगाचा तो मोठा फायदा आहे, काँक्रीट चुकलं तर पाच वर्षं कोणी हात लावत नाही.

पण दोन्ही खिसे एकमेकांना बांधले असते. म्हणजे रंगाच्या कामाची मंजुरी देतानाच त्याच ठरावात लिहायचं की कायमचं काम कुठल्या तारखेपर्यंत टेंडरला जाईल, आणि नाही गेलं तर मधल्या प्रत्येक वर्षी देखभालीची रक्कम चालू खर्चात आपोआप धरली जाईल. प्लास्टिकचे खांब गाड्या उडवतातच, पहिल्या हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाड्याही उडवतात, आणि तीन खांब गेले की ती जागा पार्किंग होते. खांब परत लावायला कोणी नवीन मंजुरी मागायला जात नाही, कारण ते काम छोटं वाटतं. पण दुभाजकाचं वाढवलेलं टोक नुसत्या रंगाचं असेल आणि खांब नसतील तर ते टोक गाडीवाल्याला दिसतही नाही.

भांडवली टेंडरमध्ये मी अजून एक ओळ आग्रहाने घातली असती, काम चालू असताना पादचाऱ्याची वाट. बहुतेक कॉन्ट्रॅक्टमध्ये गाड्यांच्या किती लेन चालू ठेवायच्या हे तासाप्रमाणे लिहिलेलं असतं, आणि चालणाऱ्यांसाठी एक मोघम वाक्य, ‘योग्य ती व्यवस्था करावी’. मग ठेकेदार फुटपाथ बंद करून पाटी लावतो, समोरून जा, आणि समोरून जायचं म्हणजे तोच ६० मीटरचा रस्ता दोनदा ओलांडायचा. तात्पुरती वाट, तिची रुंदी, तिचा उतार, रात्रीचा उजेड याला वेगळा दर आणि वेगळी रक्कम द्या, आणि ती नसेल त्या दिवशीचा दंड. कमी बोलीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, जे बिलात नाही ते तो देणार नाही.

आणि मोजणी. क्वीन्स बुलेव्हार्डला मृत्यूंचे आकडे इतके मोठे होते की फरक लगेच दिसला. साध्या चौकात वर्षाला शून्य किंवा एक मृत्यू असतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून कामाच्या आधी आणि नंतर गाड्यांचा वेग, किती गाड्या पादचाऱ्यासाठी थांबल्या, किती लोकांना ओलांडताना मध्ये अडकावं लागलं हे मोजायला हवं. हा खर्च फार नाही, पण तो कॉन्ट्रॅक्टमध्ये नसला की कामाच्या आधीची मोजणी राहून जाते आणि ती नंतर करता येत नाही.

सध्याची स्थिती अशी की २०२४ ला चौथा टप्पा झाल्यावर रस्त्याचा नवा आकार जवळजवळ सलग झालाय, मुख्यतः त्याच हलक्या साहित्यात. इतक्या रहदारीत थर्मोप्लास्टिक साधारण तीन ते पाच वर्षं चांगलं राहतं, म्हणजे चौथ्या टप्प्याचे पट्टे २०२७ ते २०२९ च्या दरम्यान परत मारावे लागणार, पहिल्या टप्प्याला तर ही पाळी कधीच येऊन गेली. शहराचं प्राथमिक बजेट जानेवारीच्या सुमारास येतं, महापौरांचं सुधारित वसंतात, आणि जूनअखेर मंजूर होतं, त्यामुळे त्या रंगाची मागणी ज्या उन्हाळ्यात रंग हवा त्याच्या आधीच्या वर्षाच्या वसंतातच टेबलावर असायला लागेल, आणि ती करताना शेजारीच विचारायला हवं की काँक्रीटचं टेंडर कुठे आहे.